भिंत मोकळी करताना

भिंत भरली, हे सगळ्यात आधी रिद्धीच्या लक्षात आलं. सकाळच्या फोडणीचा वास दुपारी तिच्या मिटिंगच्या वेळीही घरात रेंगाळत होता. आता फोडणीचा वास घरात राहिला तर काय आभाळ कोसळलं, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण कोल्हापुरातल्या मगदूमांच्या त्या फ्लॅटमध्ये गेली दहा-अकरा वर्षं कुठलाच वास टिकलेला नव्हता, त्यामुळे गळका नळ दुरुस्त करावा तसंच हे एक काम निघालं. रिद्धीने भिंतीवरच्या वास शोषणाऱ्या लेपाच्या कंपनीला कळवलं, रविवार ठरला, आणि तिने सासूला सांगितलं, "आई, भिंत मोकळी करताना आत साठलेलं सगळं बाहेर येतं म्हणे. शेजारच्यांचं मटणसुद्धा. आपण दिवसभर कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन येऊ या. ईरालाही बरं वाटेल."

"तुम्ही जाऊन या," उज्ज्वला म्हणाली. "घरात कुणीतरी हवं की."

घरात कुणी नसतं तरी चाललं असतं. मशीनवालीला दार उघडून द्यायचं काम वॉचमनही करू शकला असता. खरं कारण वेगळंच होतं. शेजारची रेखा इंगवले सोमवारी सकाळी बेंगळुरूला लेकीकडे कायमची निघाली होती. फ्लॅट विकलाही होता. हेसुद्धा उज्ज्वलाला कळलं वॉचमनकडून. आठवडाभर ती रेखाच्या बेलपर्यंत बोट नेत होती आणि मागे घेत होती. जायचं तर काय म्हणून जायचं?

एक काळ असा होता की ह्या दोघींना काय म्हणून जायचं हा प्रश्न पडत नसे. दोघी ह्या इमारतीत नव्या नवऱ्या म्हणून एकाच वर्षी आल्या. दोघींचे ओटे पाठीला पाठ लावून, मध्ये एकच भिंत, आणि भिंतीच्या वरच्या अंगाला हवेसाठी एक जाळी. त्या जाळीतून मिरच्यांचा ठसका इकडे यायचा, पुरणाचा वास तिकडे जायचा, आणि गप्पा दोन्ही बाजूंनी. आपल्या घरचा वास दुसऱ्याच्या घरात गेला की मागोमाग वाटी गेली पाहिजे, नाहीतर त्या घरातल्याचं मन अडकतं, हे दोघी आपापल्या आईकडून शिकल्या होत्या. वाट्या अशा काही जायच्या-यायच्या की कुठली कुणाची ते शेवटी कळेनासं झालं. उज्ज्वला जैन, लसणाला शिवायची नाही; म्हणून रेखाने तिच्यासाठी एक कढई वेगळी ठेवली होती आणि तीत घरातल्या कुणाला कधी अंडं फोडू दिलं नाही.

रविवारी मात्र रेखाकडे मटण. कुकर उघडायच्या आधी ती जाळीतून हाक घालायची, "उज्ज्वला, जाळी झाक गं!" मग उज्ज्वला जाळीला फडकं लावायची. वास यायचा तो यायचाच. तिचे यजमान भूपालराव पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "इंगवल्यांचा रविवार उजाडला वाटतं." दशलक्षण पर्वात तर रेखाच घरात मटण शिजवायची नाही. तिचा नवरा कुरकुरायचा, "अगं, मी जैन कधी झालो? मला कुणी सांगितलं नाही!"

मग वर्धमानचं लग्न झालं, रिद्धी आली, तिला दिवस गेले. आणि एका रविवारी तो वास येताच ती भडाभडा ओकली. पुढच्या रविवारीही तेच. उज्ज्वलाने जाळीतून रेखाच्या कानावर घातलं, "रिद्धीला वास सोसत नाही गं." रेखा "बरं" म्हणाली. बस्स, एवढंच. पण वर्धमान इंजिनिअर माणूस, त्याने त्याच आठवड्यात 'निर्गंध' लेपवाल्यांना बोलावलं. तेव्हा तो लेप नुकता बाजारात आला होता. कारागिरांनी भिंतीवर काळा थर चढवला, वरून पांढरा रंग दिला आणि जाळीत त्याच कोळशाची गादी ठोकून बसवली. ठोकाठोकी ऐकून रेखा दारात आली. भिंतीकडे बघितलं, जाळीकडे बघितलं.

"जाळीपण?" तिने विचारलं.

"पोरांचं काम आहे," उज्ज्वला म्हणाली. "मी काय बोलणार?"

रेखा आल्या पावली घरी गेली. भांडण नाही, तंटा नाही. पण त्यानंतर ह्या घरचा वास त्या घरी गेला नाही, म्हणून वाटी गेली नाही. वाटी गेली नाही, म्हणून जाणं झालं नाही. भूपालराव गेले तेव्हा रेखा आली, बसली, उठून गेली. गेल्या वर्षी इंगवले भावोजी गेले तेव्हा उज्ज्वला गेली, बसली, उठून आली. माणसं दूर होतात ती अशी, कुणाला आवाजसुद्धा येत नाही.

रविवारी नऊच्या सुमाराला मशीनवाली आली. अमृता भोई तिचं नाव, तिशी ओलांडलेली, बोलायला भारी चटपटीत. तिने भिंतीवर मच्छरदाणीसारखी पारदर्शक झूल लावली, झुलीतून एक जाड नळी काढून खिडकीबाहेरच्या पिंपात सोडली, आणि ओट्यावर यंत्राचा एक पडदा उभा केला.

"काकू, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

"का? काय सुटतं ते मला बघायचंय. माझीच भिंत आहे ती."

"बसा मग. पण आधी समजून घ्या, म्हणजे घाबरणार नाही."

अमृताने जे सांगितलं ते थोडक्यात असं. हा लेप करवंट्यांच्या कोळशाचा. कोळसा खास भट्टीत भाजला की त्याला इतकी बारीक भोकं पडतात की चिमूटभर पुडीच्या आतलं सगळं अंग उलगडून पसरलं तर त्यावर कबड्डीचा सामना खेळता येईल. वास म्हणजे शेवटी हवेतून फिरणारे पदार्थाचे रेणू. ते ह्या कोळशात पाण्यासारखे मुरत नाहीत, नुसते त्याच्या अंगाला चिकटून बसतात. पुस्तकात त्याला पृष्ठशोषण म्हणतात. कधीतरी सगळ्या जागा भरतात, आणि मग भरलेल्या एसटीसारखी भिंत कुणाला आत घेत नाही. अशा वेळी भिंत तापवायची. उष्णता मिळाली की रेणू थरथरायला लागतात आणि हात सोडतात.

"सगळे एकदम?"

"छे! हीच तर गंमत. ज्याची पकड सैल तो आधी सुटतो, ज्याची घट्ट तो शेवटी. म्हणून आम्ही आच हळूहळू वाढवतो. काय सुटलं ते हा पडदा सांगतो, आणि नळीतून ते पिंपात जाऊन जळून जातं."

"आणि मटण?"

अमृता हसली. "तुमच्या सूनबाईंनी फोनवर तेच विचारलं. बोकडाच्या चरबीत एक आम्ल असतं, त्याचा तो वास. पकड भारी चिवट. ते अगदी शेवटी येतं. तेव्हा मी सांगेन, तुम्ही गच्चीवर जा."

भिंतीआड कुठेतरी बारीक गुणगुण सुरू झाली. आधी पडद्यावर फळं आली. केळी, आंबा, पेरू. मग लिंबाची साल. उज्ज्वला बघत होती, पण नुसतं पडद्यावर नाव वाचून कुणाचं पोट भरलंय? तिने विचारलं, "ती झूल जरा उचल की. मला वास घेऊ दे."

"नियमात बसत नाही, काकू."

"तुझ्या नियमाला मी चहा पाजते."

अमृताने इकडेतिकडे बघितलं आणि झुलीचं एक टोक वर केलं. "पण लक्षात ठेवा. एकदा सुटलं की गेलं. ते परत भिंतीत धरता येत नाही."

त्या टोकातून आधी आला कापूर. आरतीचा. मग दूध करपल्याचा वास, ईरा पाळण्यात असताना रोज एक पातेलं करपायचं तेव्हाचा. आणि मग असा एक वास आला की उज्ज्वलाने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि खाली बसली. निलगिरीच्या मलमाचा वास. भूपालरावांच्या खांद्याचा. शेवटची दोन वर्षं संध्याकाळी ह्याच ओट्याला टेकून ते उभे राहायचे आणि ती मलम चोळायची. किती चोळलं तरी म्हणायचे, "अजून जरा डावीकडे." ते गेल्यावर त्यांचे सदरे तिने नाकाशी धरून बघितले होते, पण ह्या घरात सदऱ्यांनाही वास राहत नव्हता. सगळा इथे येऊन बसला होता होय! तिला रडूच कोसळलं. पदराने डोळे पुसायचं भान नव्हतं, कारण पदर नाकाशी नेला तर वास हुकला असता.

अमृता बरीच शहाणी. तिने आच वाढवायचं बटण थोडा वेळ तसंच ठेवलं. मलमाचा वास विरळ होत गेला आणि मग उरला नाही.

"काकू, तुमच्याकडे लसूण चालतो?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"नाही बाई. का?"

"लसूण येतोय. भरपूर. मिरची, खोबरं, तीळ पण. म्हणजे हे पलीकडून जाळीच्या गादीत येऊन बसलेलं."

उज्ज्वला नाक पुढे करून उभी राहिली. रेखाची कांदालसूण चटणी! उन्हाळ्यात रेखा मिरच्या भाजायला बसली की दोन्ही घरं शिंकत सुटायची. शिंकता शिंकता हसायची. रेखा जाळीतून म्हणायची, "अगं, तुला खायची नाही तर शिंकतेस कशाला फुकट?" उज्ज्वलाला आपण किती दिवसांत तसं हसलो नाही ते जाणवलं.

त्यानंतर हळद आली, साजूक तूप आलं, डिंकाचे लाडू आले. दुपार झाली. भिंत इस्त्रीसारखी तापली होती.

"आता शेवटचं," अमृता म्हणाली. "जा तुम्ही गच्चीवर."

"बसते मी इथंच." म्हणजे आता रेखाचे सगळे रविवार येणार. उज्ज्वलाने मनाची तयारी केली, जाळी झाकायला फडकं शोधावं तसा हातही उगाच हलला.

पडदा कोराच राहिला. अमृताने आच वाढवली, मग आणखी वाढवली. तूप आणि जळका कोळसा, याशिवाय काही नाही. तिने यंत्राची नळी काढून फुंकली, परत बसवली, डब्यातून एक छोटी कुपी उघडून यंत्राला हुंगवली. पडद्यावर लगेच नाव उमटलं. यंत्र ठीक होतं.

"काकू, ह्या भिंतीत मटण नाहीच."

"असं कसं नाही? दर रविवारी असायचं त्यांच्याकडे. अगं, भावोजी मटणाशिवाय जेवायचे नाहीत."

"लसूण पलीकडून आला, मिरची आली. मटण शिजलं असतं तर तेही आलंच असतं, आणि ते सहज सुटणाऱ्यातलं नाही. जाळीच्या पलीकडं ह्या सगळ्या वर्षांत मटण शिजलेलं नाही. मी लिहून देते तुम्हाला."

उज्ज्वला भिंतीकडे बघत राहिली. म्हणजे जो वास अडवायला ही भिंत काळी केली, तो वास कधी आलाच नव्हता. एवढी वर्षं भिंत आपल्याच घरचं गिळत बसली होती. आपला कापूर, आपलं तूप, आपल्या नवऱ्याचं मलम.

"ती झूल काढ, आणि जाळीतली गादीपण," ती म्हणाली. "आता काय ते इथेच सुटू दे."

तिने पुढचं दार सताड उघडलं, कॉमन पॅसेजची खिडकीही उघडली. तुपाचा आणि डिंकाच्या लाडवांचा वास पॅसेजभर पसरला. मग तिने सकाळी केलेली गव्हाची खीर एका वाटीत काढली आणि शेजारची बेल दाबली.

रेखाने दार उघडलं. घरात खोकीच खोकी. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात काठी. उज्ज्वलाने तिला इतक्या जवळून बघून बरेच दिवस झाले होते.

"वास आला असेल तुझ्याकडे," उज्ज्वला वाटी पुढे करत म्हणाली.

"आला की. मघापासून तुझं घर नुसतं उतू चाललंय. मला वाटलं, माझ्या जाण्याचे लाडू वाटताय काय." रेखाने वाटी घेतली, पण दारातून बाजूला झाली नाही.

"रेखा, रविवारचं मटण कुठं करायचीस गं तू?"

रेखा वाटीकडे बघत म्हणाली, "आज बरं विचारावंसं वाटलं?"

"सांग की."

"गच्चीवर. टाकीच्या आडोशाला. शेगडी वर न्यायची, कुकर वर न्यायचा, शिजलं की तिथंच जेवायचं."

उज्ज्वलाला एकदम ते सगळे रविवार दिसले. रेखा जिन्यात भेटायची, हातात कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी जड. उज्ज्वलाला वाटायचं, कुणाला तरी डबा द्यायला चालली असेल. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नव्हती. शेवटचे जिने पायीच. ते पट्टे बांधलेले गुडघे आता तिच्याच्याने बघवेनात.

"कधीपासून?"

"तू सांगितलंस त्याच्या पुढच्याच रविवारपासून. पोरीला वास सोसत नाही म्हणालीस ना? पोटुशी पोर. मग? ह्यांना म्हटलं, मटण पाहिजे तर शेगडी उचला. त्या दिवशी खाली आलो आणि म्हटलं, सांगावं तुला जाळीतून. तर जाळीत तुमचे कारागीर."

"अगं, मग तेव्हाच सांगायचं होतंस!"

"काय सांगू? मला वाटलं, तुम्हाला वास मटणाचा नको होता की माझाच नको होता? तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू म्हणालीस, पोरांचं काम."

खरंच की, उज्ज्वलाने तेवढंच म्हटलं होतं.

"पण त्यानंतर तरी कशाला वर जायचीस? भिंत झाली होती, गादी बसली होती. इकडे काही येणार नव्हतं. उगाच गुडघ्यांची माती केलीस."

रेखा पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाली, "भिंतीचं काय, आज आहे उद्या नाही. म्हटलं, एखाद दिवशी तुला आठवण येईल, उघडशील जाळी. आणि पहिलाच वास मटणाचा गेला तर परत बंद करशील. म्हणून खाली शिजवलंच नाही कधी."

उज्ज्वलाने तिला तिथेच दारात मिठी मारली. खीर दोघींच्या साड्यांवर सांडली. "खुळी आहेस तू," ती हुंदके देत म्हणत होती, "ठार खुळी आहेस." आणि रेखा तिच्या पाठीवर थापटत, स्वतः रडत, "वाटी सोड गं, वाटी," म्हणत होती.

मग बराच वेळ दोघी खोक्यांवर बसून बोलल्या. जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. कोण कधी आजारी पडलं, कुणाचे दात गेले, भूपालरावांनी शेवटी काय मागितलं, भावोजी काय म्हणाले, असलंच सगळं. संध्याकाळी रेखाची लेक प्रणाली आणि जावई तिला न्यायला यायचे होते.

"जावयाला काय करणार आज?" उज्ज्वलाने विचारलं.

"पिठलं टाकेन. भांडी बांधून झाली."

"मटण कर."

"ह्या गुडघ्यांनी गच्चीवर?"

"गच्चीवर कशाला? तुझ्या ओट्यावर. जाळीतली गादी निघालीय आणि भिंत अजून तापलेली आहे. ती पोरगी म्हणाली, गरम आहे तोवर भिंत काही धरून ठेवत नाही. उद्या गार झाली की पुन्हा सुरू."

"आणि तुझी सून?"

"सुनेचं मी बघते. भिंतीच्या वेळी बघायला हवं होतं, ते आज बघते."

वर्धमान, रिद्धी आणि ईरा दिवेलागणीच्या सुमाराला परतले. दार उघडताच रिद्धी उंबऱ्यात थबकली. खोबरं, लवंग, मिरी, आणि त्या सगळ्याच्या खालून ओळखीचा तो दाट वास. जाळी उघडी होती. पलीकडे भांड्यांचा आवाज आणि कुणाचंतरी हसणं येत होतं.

"आई, मशीनवाल्यांनी काम अर्धवट सोडलं का?" वर्धमान चिडून म्हणाला. "मी आत्ता फोन लावतो."

"काम पुरं झालंय. रेखा मटण करतेय. आज तिचा इथला शेवटचा दिवस आहे, आणि आज ही जाळी उघडीच राहणार. कुणाला त्रास होणार असेल तर त्याने बाल्कनीत बसावं." उज्ज्वला असल्या आवाजात मुलाशी आजवर बोलली नव्हती. वर्धमानने फोन खिशात ठेवला.

सगळे रिद्धीकडे बघायला लागले. ती हळूच आत आली, तिने एकदा वास घेतला, पुन्हा घेतला. "मला काही होत नाही आता त्याने," ती म्हणाली. मग जराशी ओशाळून म्हणाली, "तेव्हासुद्धा महिनाभरच झालं होतं, आई. नंतर कुणी विचारलंच नाही."

ईरा मात्र स्वयंपाकघरात जाऊन जाळीखाली टाचा उंचावून उभी होती. तिच्या सगळ्या आयुष्यात ह्या घरात दुसऱ्या घरचा वास कधी आला नव्हता. नाक वर करून ती तो असा ओढून घेत होती की उज्ज्वलाला हसू आलं.

"आजी, हा कसला वास?"

"हा रेखाआजीचा."

"कोण रेखाआजी?"

"अगं, शेजारच्या. रोज दिसतात की तुला लिफ्टमध्ये."

ईराने वळून आजीकडे बघितलं. "त्यांचं नाव रेखा आहे?"

उज्ज्वलाने तिचा हात धरला आणि पायात चपलाही न घालता तिला घेऊन शेजारी गेली.